मांडी, पाट आणि उंच खुर्ची

मराठी घरातल्या तान्ह्या बाळाच्या वस्तूंची यादी करायला घेतली की पहिला येतो पाळणा. मग झोळी, दुपटी, झबली-टोपडी, बोंडले, वाटी-चमचा, खुळखुळा आणि शेवटी पांगुळगाडा. निजण्यासाठी पाळणा आहे, चालायला शिकण्यासाठी पांगुळगाडा आहे. पण या दोन्हींच्या मधे एक मोठा टप्पा असतो. बाळ सहाएक महिन्यांचे झाले, मान धरू लागले, आधाराने बसू लागले, वरचे खाऊ लागले. त्या जेवणासाठी त्याने कुठे बसायचे? आपल्या यादीत तेवढी एक ओळ रिकामी आहे. त्या वस्तूला मराठीत घरगुती नावच नाही. आज आपण तिला ‘हाय चेअर’ किंवा ‘बेबी चेअर’ म्हणतो आणि पुढे जातो.

ही रिकामी ओळ माझ्या लक्षात आली ती एका साध्या प्रश्नामुळे. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. नातू वरणभात खाऊ लागल्यावर तिने मला विचारले, “आई, याच्या जेवणाची खुर्ची कुठली घेऊ? मला फक्त पटकन धुता येईल अशी हवी.” माझा सारा जन्म हिंगणघाटात गेला, स्थानिक इतिहासाची कात्रणे जमवण्यात पुष्कळ वर्षे गेली, पण या प्रश्नाचे उत्तर देताना मला आधार घेता येईल असे काही आमच्या घरात नव्हते. मी जेवले आईच्या मांडीवर, माझी मुलगी जेवली माझ्या मांडीवर. मग मुलीच्या पिढीला खुर्ची का लागते आणि ती ‘पटकन धुता येईल अशीच’ का लागते, हे शोधावेसे वाटले. शोधता शोधता मी पोचले ती आमच्या गावातल्या कापसापाशी आणि गिरण्यांपाशी.

मांडी आणि खरकटे

आपल्याकडे बाळाच्या जेवणाची खुर्ची झाली नाही याचे पहिले कारण अगदी उघड आहे. मोठी माणसेच जमिनीवर बसून जेवत होती. उंच खुर्ची ही उंच मेजाची जोडीदार आहे. जिथे ताट जमिनीवर किंवा चौरंगावर असते तिथे बाळाला उंच नेण्याची गरज नाही, बसताना आधार मिळाला की पुरे. तो आधार मांडी देत होती. मांडीला पाठ टेकता येते, कमरेला एक हात असतो, घास अडकला तर क्षणात पालथे करून पाठीवर थोपटता येते. खुर्ची विकणारा आज ज्या गुणांची जाहिरात करतो ते सारे मांडीत होतेच.

उष्टावणाचा विधी पाहिला की ही गोष्ट स्पष्ट होते. मुलाचे उष्टावण सम महिन्यात, म्हणजे सहाव्या-आठव्यात, आणि मुलीचे विषम महिन्यात, पाचव्या-सातव्यात, अशी रूढी. बाळ मामाच्या मांडीवर बसते आणि पहिला घास खिरीचा मिळतो. या विधीत वाटी आहे, चमचा आहे, पाट आहे, भोवती रांगोळी आहे; पण पाटावर बसतो मामा, बाळ नव्हे. बाळाचे आसन म्हणजे माणूस.

दुसरे कारण स्वच्छतेचे आहे आणि ते जरा गुंतागुंतीचे आहे. आपल्या स्वयंपाकघरात घाण आणि खरकटे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. चिखल ही घाण, पण भाताचे शीत हे खरकटे. चिखल झटकला तरी चालेल, शीत मात्र पाण्यानेच निघाले पाहिजे. त्यामुळे कोणती वस्तू कशाची बनली आहे याला फार महत्त्व होते. द्रव्यशुद्धीचा विचार धर्मशास्त्रात तपशिलाने आहे. मनुस्मृतीची समाजाबद्दलची मते आज आपण स्वीकारत नाही. पण वस्तूंच्या शुद्धीचे तिच्या पाचव्या अध्यायातले नियम जुन्या घरांची रीत समजायला उपयोगी पडतात. धातूचे भांडे राख, आंबट आणि पाणी यांनी शुद्ध होते. मातीचे भांडे पुन्हा भाजावे लागते. आणि लाकडाची वस्तू तासावी लागते. यामागे रोजचा अनुभव असणार. लाकूड ओलावा पिते, तेल पिते, फटींत अन्न धरून ठेवते, नुसत्या पाण्याने ते पूर्ण निघत नाही. म्हणून ज्याला अन्न लागते ते ताट धातूचे आणि ज्यावर माणूस बसतो तो पाट लाकडाचा, अशी वाटणी झाली. बाळाची जेवणाची खुर्ची ही वाटणी मोडते, कारण बाळ जिथे बसते तिथेच सांडते. लाकडी आसन रोज दोनदा खरकटे होणार असेल तर त्या घराच्या नियमांत ते बसत नव्हते.

मग सांडलेले जात कुठे होते? आईच्या लुगड्यावर आणि जमिनीवर. लुगडे रोज धुतले जायचे. जमीन शेणाने सारवलेली असायची. जेवणे झाली की खरकटे उचलून शेणाचा हात फिरवायचा, एवढे पुरे होई. मांडी धुवावी लागत नाही, जमीन सारवली जाते, लुगडे नदीवर जाते. व्यवस्था सोपी दिसते, पण तिचा सारा भार एकाच माणसावर होता. ती बाई दिवसभर घरात आहे, तिला बाळ घेऊन अर्धा-पाऊण तास बसता येते आणि उठल्यावर पुसायला तीच आहे, असे त्यात गृहीत धरलेले होते. हे गृहीत जिथे मोडले तिथे बाळाच्या आसनाचा प्रश्न उभा राहिला. आमच्या गावात ते फार लवकर मोडले.

गिरणीच्या भोंग्यानंतर

वणा नदीच्या काठचे हिंगणघाट इंग्रजी व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांत कापसाच्या नावानेच ओळखले जाते. देशी वाणांत लांब धाग्याचा म्हणून ‘हिंगणघाटी’ कापूस नावाजलेला होता. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा झाला. पुढच्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्याच्या कोळशाकडे निघालेला लोहमार्ग हिंगणघाटावरून गेला. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीस बन्सीलाल अबीरचंद यांची सूतगिरणी उभी राहिली आणि १८९८ मध्ये मोहता घराण्याची. भोवती रेचे आले, म्हणजे सरकी काढणारे जिनिंगचे आणि गाठी बांधणारे प्रेसिंगचे कारखाने आले.

या साऱ्या कामात बायका होत्या. शेतात कापूस वेचतात त्या बायकाच. जिनिंगमध्ये यंत्रांना कापूस घालायला बायका, गिरण्यांमध्ये सूत गुंडाळण्याच्या रिळाच्या आणि वाइंडिंगच्या खात्यांत बायका. शेतातल्या बाईला एक सोय होती: झाडाच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची, ओळ वेचून आले की पाजायचे. कारखान्यात झाड नव्हते. दहा-अकरा तासांची पाळी, हवेत उडणारी कापसाची रुई, फिरते पट्टे. बाळाला घरी ठेवायचे तर घरी कोण? आणि बरोबर न्यायचे तर ठेवायचे कुठे?

या पेचातून निघालेला एक उपाय भयंकर होता. १९२९ मध्ये नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या भारतातील कामगारविषयक शाही आयोगाने, म्हणजे व्हिटली आयोगाने, कामावर जाणाऱ्या आया बाळांना अफू देतात याची गंभीर नोंद घेतली. मुंबईत अशा गोळीला ‘बाळागोळी’ म्हणत. बाळ झोपून राहते, रडत नाही आणि भूकही मागत नाही. आयोगापुढे झालेली मध्यप्रांत-वऱ्हाडची साक्ष स्वतंत्र खंडात छापली आहे. आपल्या भागाच्या सामाजिक इतिहासात रस असणाऱ्याने तो खंड पाहायलाच हवा. बाळाला कुठे बसवायचे आणि कोणी भरवायचे या प्रश्नाला समाजाने उत्तर दिले नाही, तेव्हा आईने त्याला निजवून ठेवले. तिला दोष देणे सोपे आहे. तिच्यापुढे दुसरी वाट कुठली होती, हे कोणी दाखवलेले नव्हते.

वाट हळूहळू निघाली ती कायद्याने. मुंबई इलाख्याने १९२९ मध्ये प्रसूतीलाभाचा कायदा केला आणि लगेच १९३० मध्ये मध्यप्रांतानेही केला. हिंगणघाट त्यात आले. शाही आयोगाने मोठ्या संख्येने बायका असलेल्या कारखान्यांत पाळणाघर सक्तीचे करावे अशी शिफारस केली. १९३४ च्या कारखाने कायद्याने प्रांतिक सरकारांना तसे नियम करण्याचा अधिकार दिला. मग स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने कायदा आला आणि त्याच्या ४८ व्या कलमाने पाळणाघर हे कर्तव्य ठरवले: पन्नासहून अधिक स्त्री कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी. १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या तीसवर आणली.

या कलमाची भाषा मी अनेकदा वाचली आहे. कायद्याची भाषा कोरडी असते, पण या कलमात एक घर दिसते. खोली पुरेशी मोठी असावी, उजेड आणि वारा असावा, ती स्वच्छ ठेवलेली असावी, मुलांच्या आणि तान्ह्यांच्या संगोपनाचे शिक्षण घेतलेल्या स्त्रीच्या ताब्यात असावी. राज्य सरकारने नियम करून मुलांचे कपडे धुण्याची-बदलण्याची सोय, फुकट दूध किंवा खाणे, आणि आईला मधेमधे येऊन पाजण्याची मुभा द्यावी. खुर्चीचा शब्द त्यात नाही. पण मांडी जे करत होती ते एकेक करून त्यात मांडलेले आहे: आधार, लक्ष, खाऊ घालणे आणि नंतरचे धुणे. घरात जे काम ‘आईचे’ म्हणून मोजलेच जात नव्हते ते इथे पहिल्यांदा यादी करून लिहिले गेले आणि त्याचा खर्च मालकाच्या वहीत टाकला गेला.

याच कायद्याचे २७ वे कलमही आमच्या गावाच्या कामाचे होते. प्रेसिंगच्या कारखान्यात कापूस-ओपनर चालू असताना त्याच्या भागात बायका आणि मुले यांना काम करायला त्याने मनाई केली. 

कागदावरचे किती प्रत्यक्षात उतरले हा वेगळा विषय आहे. हंगामी जिनिंगमध्ये आणि शेतात हे कलम पोचण्याचा रस्ता अरुंदच होता. संख्या तीसच्या आत ठेवली की कर्तव्य संपत होते, हे हिशेबाच्या वहीला कळायला वेळ लागत नव्हता.

बुटकी खुर्ची, उंच खुर्ची

गिरणीच्या पाळणाघराचा विचार चालू होता त्याच काळात मुलांच्या खुर्चीचा विचार दुसऱ्या एका वाटेने भारतात आला. मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत पहिले बालगृह उघडले. ते होते कामावर जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी. तिथे त्यांनी मुलांच्या मापाची, हलकी, मुलाला स्वतः उचलता येतील अशी मेजे-खुर्च्या करून घेतल्या. ते सामान धुता येण्याजोगे असावे असाही त्यांचा आग्रह होता, आणि त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. धुता येणारे सामान आरोग्यासाठी बरे हे तर झालेच. पण मुलाला ते स्वतः धुता यावे, धुण्याचे काम त्याला मिळावे, हा मोठा हेतू. फिक्या रंगावर डाग दिसतो, तो मुलाला दिसतो, मग ते पुसते.

१९३१ मध्ये लंडनला गांधीजी आणि मॉन्टेसरी यांची भेट झाली. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि युद्धामुळे बरीच वर्षे इथेच राहिल्या. महाराष्ट्रात हा विचार खेड्यापर्यंत नेला तो ताराबाई मोडक यांनी. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केल्यावर त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडला. महागडी साधने खेड्याला परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी बिया, शिंपले, काड्या, माती अशा भोवतालच्या वस्तू वापरल्या. आणि बसायला जमीन होतीच. मॉन्टेसरींनी मुलासाठी खुर्ची बुटकी केली, ताराबाईंच्या बालवाडीला तिचीही गरज पडली नाही. मूल जमिनीजवळ असले की आपले आपण बसते-उठते, ही दोघींची समजूत एकच होती.

युरोपातल्या घरांनी मात्र बाळाला मोठ्यांच्या मेजापर्यंत उचलले. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या लाकडी उंच खुर्च्या आज संग्रहालयांत आहेत: पाय खाली फाकलेले, म्हणजे कलंडू नये. एकोणिसाव्या शतकात वेताच्या बैठकीच्या, खाली दुमडून चाकांवर आणता येणाऱ्या खुर्च्या निघाल्या. म्हणजे जेवणाची खुर्ची आणि गाडा एकात. वेताची वीण दिसायला सुरेख, पण तिच्यात भाताचे शीत अडकले तर काढणाऱ्याचे हाल. घरात नोकर असेल तोवर हे चालले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या घरांतून नोकर गेले, बायका बाहेर कामाला जाऊ लागल्या आणि प्लॅस्टिक व पोलादी नळ्या आल्या. तेव्हापासून ‘धुवायला सोपी’ हा खुर्चीचा मुख्य गुण झाला. १९७२ मध्ये नॉर्वेच्या पीटर ऑप्सविक यांनी ‘ट्रिप ट्रॅप’ ही खुर्ची केली. तिची बैठक आणि पाय टेकायची फळी मुलाच्या वाढीप्रमाणे खालीवर सरकते आणि मूल थेट कुटुंबाच्या मेजाशी बसते.

आपल्याकडे हा प्रवास फार उशिरा आणि एकदम झाला. शेणाच्या जमिनीवर आधी शहाबादी फरशी आली, मग मोझेक, मग टाइल. १९९० नंतर साच्यातल्या प्लॅस्टिक खुर्च्या खेड्यापाड्यांत पोचल्या. डायनिंग टेबल आले, घरे फ्लॅटची झाली, आजी गावी राहिली. बाळ जमिनीवरून मेजापर्यंत चढले ते एका पिढीत.

आज निवडताना

मुलीला मी जे उत्तर दिले ते या इतिहासातूनच निघाले, म्हणून ते इथे मांडते.

पहिली गोष्ट, घर कुठे बसून जेवते ते पाहावे. घरची माणसे जमिनीवर जेवत असतील तर चार फुटी खुर्ची बाळाला पंगतीबाहेर काढते. तिथे बुटके, पट्टा आणि ताट असलेले आसन बरे. मेजावर जेवणाऱ्या घरात मात्र उंच खुर्चीच हवी, नाहीतर बाळाला सगळ्यांचे गुडघेच दिसतील.

दुसरी गोष्ट म्हणजे जुनी द्रव्यशुद्धी. अन्न लागते तो भाग न शोषणारा असावा, त्याला शिवण, भोक, नक्षी, खाच जितकी कमी तितके बरे. रेक्झिनची फुगीर गादी दुकानात मऊ वाटते. महिन्याभरात तिच्या शिवणीत वरणाचे थर बसतात आणि पावसाळ्यात वास येतो. साधी प्लॅस्टिकची बैठक आणि पोलादी पाय यांना ओले फडके पुरते. ताट एका हाताने निघावे आणि आपल्या मोरीतल्या किंवा सिंकच्या नळाखाली आडवे मावावे. दुकानात जाताना सिंकची रुंदी मोजून न्यावी. पट्टे काढून धुता यावेत, कारण सगळ्यात जास्त खरकटे पट्ट्यांच्या अडकणीतच साठते आणि मुंग्या तिथेच येतात. हळदीचा पिवळा डाग प्लॅस्टिकवरून घासून जात नाही. ताट धुऊन उन्हात ठेवले की तो फिका पडतो. आमच्या विदर्भात उन्हाची वाण नाही. मात्र वैशाखात खुर्ची खिडकीच्या उन्हात ठेवू नये, पोलाद तापते.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची आणि इथे स्वच्छतेशी तडजोड नको. पाय फाकलेले आणि बूड रुंद असावे. दोन पायांच्या मधे खुंटी असावी, म्हणजे बाळ ताटाखालून घसरत नाही. खांदे, कंबर आणि मांड्यांमधून जाणारा पाच टोकांचा पट्टा असावा आणि तो रोज लावावा; ताट म्हणजे पट्टा नव्हे. युरोपात अशा खुर्च्यांसाठी ‘ईएन १४९८८’ हे मानक आहे, तो शिक्का दिसला तर चांगले. पावले टेकायला जागा असावी. पाय लोंबकळत असले की बाळ चुळबुळते. आणि बाळ आधाराने नीट बसू लागल्याशिवाय खुर्चीची घाई करू नये.

एवढे पाहिले की महाग-स्वस्त हा प्रश्न मागे पडतो. सगळ्यात साधी खुर्ची पुष्कळदा सगळ्यात धुण्याजोगी असते.

पण खुर्ची कितीही चांगली असली तरी मांडीची सगळी कामे ती करत नाही. ती आधार देते, सांडलेले एका जागी धरते, आईचे दोन हात मोकळे करते. शेजारी बसून लक्ष ठेवणे आणि नंतर धुणे ही दोन कामे उरतातच. १९४८ च्या कायद्याने ती आईकडून काढून पगारी, शिकलेल्या माणसाकडे दिली होती, निदान गिरणीच्या भिंतींच्या आत. २०१७ मध्ये प्रसूतीलाभ कायद्याच्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. माझ्या मुलीच्या कचेरीला ती तरतूद लागू आहे. हिंगणघाटच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाईला ती लागू नाही. तिची झोळी अजून बाभळीलाच आहे.

म्हणून ‘पटकन धुता येईल अशी’ हे चार शब्द मला आता नुसते खरेदीचे वाटत नाहीत. त्यांच्यामागे वेळेचा हिशेब आहे: कामावरून आलेल्या बाईच्या संध्याकाळीतला किती वेळ खरकट्यात जावा, याचा. तो हिशेब शंभर वर्षांपूर्वी गिरणीच्या भोंग्याने मांडला. चांगली खुर्ची त्यातली काही मिनिटे परत देते. बाकीची मिनिटे घरातल्या दुसऱ्या कोणीतरी हातात फडके घेतल्याशिवाय मिळत नाहीत. आणि मॉन्टेसरींचे ऐकायचे तर दोन वर्षांनी ते फडके त्या खुर्चीत बसणाऱ्याच्याच हातात द्यावे.